आवाजाची बेगमी

"वाचकांनी इकडे लक्ष द्यावे."

एवढं म्हणून ते थांबत. लोकांनी पायाशी ठेवलेल्या पिशव्या उचलून उभं राहावं, एवढा वेळ थांबत. मग पुस्तक वाचायला लागत.

तुम्ही रत्नागिरीचे असाल, किंवा नुसते रत्नागिरीवरून कधी पुढे गेले असाल, तरी तुम्ही त्यांना ऐकलेलं आहे. पाहिलं नसेल कदाचित. "आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे," असं सांगणारा बसस्टँडवरचा तो आवाज त्यांचा. भोंग्यातून येणारं बोलणं सहसा कोणाला कळत नाही. यांचा मात्र शब्द न् शब्द कळायचा. सगळी नोकरी त्यांनी स्टँडवर नियंत्रक म्हणून केली आणि निवृत्त झाले तरी गाव त्यांना कंट्रोलरच म्हणत राहिलं. मी काका म्हणायचे.

मी इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या कार्यकारिणीने मोठ्या हौसेने वाचनालयाची वेबसाइट करून घेतली. उद्घाटनाला नारळ फोडला, पेढे वाटले. तिच्यावर वाचनालयाचा इतिहास होता, अध्यक्षांचा शाल पांघरलेला फोटो होता, पुस्तकांची नावं होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

काका रोज सकाळी पेपर वाचायला येत. एकदा माझ्या टेबलाशी उभे राहून त्यांनी वेबसाइट बघितली. चष्मा कपाळावर सरकवून, मान तिरकी करून बघितली.

"मॅडम, यात बोलतं कोण?"

"कोणी बोलत नाही, काका. यातलं आपण वाचायचं."

"मग नाही कोणी यायचं," ते म्हणाले. "स्टँडवर एवढी थोरली पाटी होती. गाडीची वेळ, फलाट, सगळं लिहिलेलं. माणूस ती पाटी नीट वाचायचा आणि मग माझ्या खिडकीशी येऊन तेच विचारायचा. पाटीवर माणसाचा भरवसा नसतो हो. कोणीतरी तोंडाने सांगावं लागतं."

आणि त्यांनी ते सांगायचं काम अंगावर घेतलं. वेबसाइटवर रोज सकाळी आठ वाजता एक पान. जुन्या, हक्क संपलेल्या पुस्तकांतलं एक पान मोबाईलवर वाचून ते मला देत आणि मी ते चढवत असे. आधी पुस्तकाची ओळख. ती ओळख ऐकण्यासारखी असायची. "ही कादंबरी कोर्टकचेरी मार्गे थेट लग्नाला जाते. मध्ये दोन ठिकाणी रडण्यासाठी थांबेल." किंवा, "हे प्रवासवर्णन आहे. लेखक निघतो लवकर, पण पोचत नाही." साहित्यावर व्याख्यानं देणारे आमच्याकडे पुष्कळ येऊन गेले. त्यांच्यापैकी कोणाला एका वाक्यात एवढं सांगता आलेलं मला आठवत नाही.

आणि वाचताना ऐन रंगात आले की थांबत. विहिरीवर बाई वाकली आहे, पायाखालचा दगड हलला आहे, आणि हे म्हणणार, "पुस्तक वाचनालयात कपाट क्रमांक सातला उभे आहे. इच्छुकांनी लाभ घ्यावा." झालं. पुढे एक अक्षर नाही.

मासळीबाजारात त्यांचं जाणं अवघड झालं. एक कोळीण त्यांना बांगडे द्यायलाच तयार होईना. "ओ कंट्रोलर, त्या बायचा पुढं काय झाला, ता सांगा आधी!"

"पुस्तक उभं आहे," हे म्हणाले.

"पुस्तक उभा र्‍हवं दे. ती बाय पडली की नाय?"

त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांच्या घरी वरणभात झाला. दोन दिवसांनी त्या कोळणीची सून वाचनालयात येऊन सभासद झाली आणि सासूला वाचून दाखवायला ते पुस्तक घेऊन गेली. अशी माणसं येत राहिली. ज्यांनी शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलं नव्हतं ती माणसं दारात चपला काढून बिचकत विचारायची, "ते कंट्रोलरांनी अर्धवट ठेवलेलं कुठे मिळेल?" बोटींवर नोकरीला असलेल्या पोरांचे संदेश यायचे. एकाने लिहिलं होतं, डोळे मिटले की स्टँडवर उभा असल्यासारखं वाटतं.

हे वाचन ते कुठे बसून करत ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. खोलीत आवाज घुमतो म्हणून कोणीतरी त्यांना सुचवलं होतं की कपड्यांच्या जवळ बसून बोला. तर हे काकूंचं साड्यांचं कपाट उघडून, साड्यांमध्ये डोकं घालून वाचत.

"माझ्या पैठणीला आता सगळ्या कादंबऱ्या पाठ आहेत," काकू म्हणायच्या. त्या स्वतः मात्र वेबसाइट उघडत नसत. "घरात ऐकते ते पुरे आहे गो. मोबाईलमध्ये आणखी कशाला?"

पहिला पावसाळा आला आणि सगळा विचका झाला. त्यांच्या गच्चीवर पत्रे. पावसाने एकदा पत्रे धरले की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही, तिथे कादंबरी कुठली कळणार? वीज जायची, नेट जायचं, तीन-तीन दिवस पान नाही. लोक मला फोन करायचे, मी काकांना करायची, काकांचा फोन लागायचा नाही. काका फार ओशाळले. गाडी रद्द झाल्याचं त्यांना नोकरीतही मनाला लागायचं म्हणे.

पुढच्या मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले तर अंगणात बेगमीची धांदल चाललेली. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे मे म्हणजे पावसाळ्यासाठी घर भरून ठेवायचा महिना. एका चटईवर कोकमं, एकीवर पापड, मागीलदारी सुकत घातलेले कोलंबीचे सोडे, पडवीत लाकडांची रास. काकू हातात काठी घेऊन कावळे हाकत होत्या. आणि आतून, कपाटातून, काका वाचत होते.

बाहेर येऊन घाम पुसत म्हणाले, "मॅडम, घरात चार महिन्यांचं सगळं भरतो आपण. मग आवाज का नाही भरायचा? दसऱ्यापर्यंतची पानं आताच वाचून ठेवतो. तुमच्या त्या मशीनला तारखा सांगून ठेवा. पाऊस पडो नाहीतर दरड कोसळो, आपली गाडी आठला सुटणार."

मला ती कल्पना एकदम पसंत पडली. महिनाभर ते खपले. नुसतं वाचून ठेवलं नाही, तर पावसाळा कसा असेल त्याचा अंदाज बांधून मध्येमध्ये बोलूनही ठेवलं, ऐकणाऱ्याला शिळं वाटू नये म्हणून. मी ती पानं न ऐकताच तारखा लावून वेबसाइटवर चढवली. मलाही रोजच्या रोज ऐकायची मजा हवी होती.

आषाढात, एका पहाटे, काका झोपेतच गेले.

मी पोचले तेव्हा त्यांना पडवीत ठेवलं होतं. मुलगा मुंबईहून निघाला होता, पण घाटात दरड आली होती आणि तो अडकला होता. सगळे त्याची वाट बघत बसले होते. पाऊस जरा थांबला होता. शेजारी, अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे, एक म्हातारे गृहस्थ राहतात, त्यांना ऐकायला फार कमी येतं. त्यांना अजून कोणी ही बातमी सांगितली नव्हती. आठ वाजले आणि त्यांनी नेहमीसारखा मोबाईल लावला, नेहमीसारखा मोठ्यात मोठ्या आवाजात.

"वाचकांनी इकडे लक्ष द्यावे."

पडवीतले सगळे जण आधी गडग्याकडे बघायला लागले आणि मग काकांकडे. कोणीतरी लगबगीने उठलं, ते बंद करायला. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"थांबवू नका," त्या म्हणाल्या. "पान पुरं होऊ दे त्यांचं."

आम्ही बसलो. पान होतं एका लग्नातल्या पंगतीचं, व्याह्यांच्या रुसव्याचं, चांगलंच विनोदी. काकांनी व्याह्याचा आवाज काढला होता, विहिणीचा काढला होता. एका बाईला हसू आवरेना, तिने पदर तोंडात कोंबला आणि त्यातच ती रडायला लागली. विहीणबाई आता ताट भिरकावणार, एवढ्यात काका थांबले. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते त्यांनी सांगितलं. मग पुन्हा पाऊस सुरू झाला.

कार्यकारिणीची सभा बसली. मेलेल्या माणसाचा आवाज रोज सकाळी लोकांच्या घरात सोडणं बरं दिसतं का, असा प्रश्न. एक जण म्हणाले, अशुभ आहे. दुसरे म्हणाले, निदान तेरावा होईपर्यंत तरी थांबवा. मी म्हटलं, काकूंना विचारून येते. काकूंनी मला एवढंच विचारलं, "कधीपर्यंतचं भरलेलं आहे?"

"दसऱ्यापर्यंत."

"बरं," त्या म्हणाल्या. "तोवर पुरेल."

सभेत मी सांगितलं की या वाचनामुळे सभासद वाढताहेत. त्यानंतर अशुभाबद्दल कोणी बोललं नाही.

पण मुलाचा फोन आला. तो रागावलेला नव्हता, रडवेला झाला होता. "ताई, ते बंद करा हो. आई रोज आठला दोन कप चहा करून मोबाईलपुढे बसते. मी म्हणतो, डोंबिवलीला चल, तर म्हणते, ते दसऱ्यापर्यंत इथे आहेत, त्यांना टाकून कशी येऊ? एवढ्या पावसात ती घरात एकटी. तुम्ही बंद केलंत तर ती येईल. नाहीतर मला ती दसऱ्यानंतर तरी मिळेल का, सांगा."

त्याचं चुकत होतं असं मला वाटत नाही. बंद करायला मला एक बोट पुरलं असतं. मी काकूंकडे गेले.

"त्याला वाटतं मला भ्रम झालाय," काकू म्हणाल्या. "ते गेले ते मला कळतं गो. माझ्याच शेजारी गेले. पण घरात भरलेलं असताना उठून जायचं का? संपलं की जाईन." मग म्हणाल्या, "तू पानं मागेपुढे नको करूस. एका दिवशी दोन नकोत. आणि झालेलं परत नको लावूस मला. त्यांनी जसं ठेवलंय तसंच."

वेबसाइटवर जुनी पानं सगळी असतात, हवी तेव्हा ऐकता येतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. रोजचं एकदाच ऐकायचं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि जसजसा श्रावण सरत चालला तसतशी त्यांच्यापेक्षा मलाच धास्ती वाटायला लागली. शेवटचं पान झाल्यावर ही बाई काय करेल?

तो पावसाळा मी विसरणार नाही. गावात ठिकठिकाणी, बंद दारांआडून, सकाळी आठला काका बोलायचे. तुम्ही रस्त्याने चाललात की एका घरातून दुसऱ्या घरात त्यांचं वाक्य पुढे सरकत जायचं. त्यांनी बांधलेले अंदाज खरे व्हायला लागले. "आज वीज नसेल, मोबाईल जपून वापरा," असं ते म्हणायचे आणि खरोखर आदल्या संध्याकाळपासून अंधार असायचा. कोकणात जुलैत वीज नसणार हे कोणीही सांगेल, ते मला समजतं. तरी लोक एकमेकांकडे बघायचे.

एका सकाळी असा पाऊस होता की समोरचा रस्ता दिसत नव्हता. वाचनालयात मी एकटी. दिवे गेलेले. मी मोबाईलवर पान लावलं. काका दोन ओळी वाचून थांबले आणि म्हणाले, "आज वाचनालयात मॅडम एकट्याच असतील. एवढ्या पावसात कोण येणार? मॅडम, दिवा लावा. अंधारात वाचू नये."

मी भिण्यातली बाई नाही. पण मी मागे वळून कपाटांकडे बघितलं. मग उठून मेणबत्ती लावली आणि काकांना सांगितलं, "लावला."

एकदा काकूंचा फोन आला. "आज मीसुद्धा होते गो त्यात," म्हणाल्या. मी ऐकलं होतं. पानाच्या मध्येच कुकरची शिट्टी झाली होती आणि लांबून काकूंचा आवाज आला होता, "अहो, जेवायला चला, भात निवतोय." आणि काकांनी वाचतावाचता म्हटलं होतं, "आलो, आलो. एवढी बाई घरी पोचू दे."

"मी त्या दिवशी त्यांच्यावर केवढी चिडले होते," काकू म्हणाल्या. "भात निवला म्हणून."

गणपतीत मुलगा आला. घरी मूर्ती आली, पण आरास नाही, झांजा नाहीत. चतुर्थीला आठ वाजता काका म्हणाले, "आज अर्धंच पान. घरी गणपती आलेत, मला आरतीला बसायचंय. चाललो." मुलाने मला नंतर सांगितलं, घरातली सगळी माणसं दाराकडे बघत राहिली. पाट मांडलेला होता, निरांजन लावलेलं होतं आणि आरतीला सुरुवात कोणी करायची ते कोणालाच कळेना. शेवटी त्याने सुरुवात केली. त्यानंतर बंद करा म्हणून त्याचा फोन आला नाही.

आता वेबसाइटवर दुसरी माणसं वाचतात. एक शिक्षक आहेत, मासळीबाजारातली ती सून आहे, ती तर फार सुरेख वाचते. लोक ऐकतात, पुस्तकं न्यायला येतात. ज्या कामासाठी काका कपाटात शिरले ते काम चाललेलं आहे. मी मात्र त्यांच्यापैकी कोणालाही पावसाची पानं आधी वाचून ठेवू देत नाही. नेट गेलं तर गेलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी मी काकूंकडे गेले. बोलावलं नव्हतं, पण मला वाचनालयात एकटीला ते शेवटचं पान ऐकवलं नसतं. मुलगा आदल्या दिवशीच गाडी घेऊन आला होता. बॅगा भरून दारात ठेवलेल्या. काकूंनीच भरल्या होत्या. पाऊस संपून लख्ख ऊन पडलं होतं. मुलगा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. आई खरोखर उठेल का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

काकूंनी मोबाईल टेबलावर ठेवला. काका बोलायला लागले. नवं पुस्तक होतं. एक माणूस फार वर्षांनी आपल्या गावी परत येतो आणि दाराची कडी वाजवतो. आतून पावलं येतात. तिथे काका थांबले, कपाटाचा क्रमांक सांगितला. मग म्हणाले, "पावसाची बेगमी इथे संपली. सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा. उद्यापासून पुन्हा ताजं वाचेन. येतो."

आम्ही तिघंही हललो नाही. मला वाटलं संपलं. पण मोबाईल चालूच होता. वाचन झालं की रेकॉर्डिंग बंद करायला ते कधी विसरत नसत. त्या दिवशी, महिनाभर खपून शेवटचं पान संपल्यावर, विसरले असावेत. कपाटाचं दार करकरलं. खुर्ची सरकली. आणि मग त्यांचा आवाज आला, स्टँडवरचा नाही, घरातला. "हुश्श. झालं गं बाई एकदाचं. दमलो. पाणी दे जरा."

काकू उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. तांब्याभांडं घेऊन त्या बाहेर आल्या, भांड्यात पाणी ओतलं आणि ते मोबाईलशेजारी ठेवलं. मुलगा "आई" म्हणाला, पण त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"प्या," त्या म्हणाल्या. "आणि उद्या नका येऊ आता. पुष्कळ वाचलंत."

मोबाईल कधीच बंद झाला होता. काकूंनी तो पदराने पुसून पिशवीत टाकला, डोळे पुसले आणि मुलाला म्हणाल्या, "चल रे. घाटात अंधार व्हायला नको."